हरलो बुवा!

कर्जत-खोपोली लोकलमध्ये गेमवीर ओळखायला सोपा. पळसदरीपर्यंत तो मोबाइलमध्ये मान घालून गप्प असतो आणि मग एकदम ओरडतो, "हरलो!" शेजारचा मित्र कपाळावर हात मारतो, "च्यायला, मी पण!" समोरचे काका घाबरून आपलं पाकीट चाचपतात.

खेळ इंग्रजी मुलखातला, नाव नुसतं 'द गेम'. इंटरनेटवरून जगभर पसरला. जगातला प्रत्येक माणूस तो खेळतोच आहे, त्याला विचारायची गरज नाही. खेळाची आठवण झाली की हरलात, आणि हरलात की ते मोठ्यानं सांगायचं. जिंकायची सोयच नाही. औषध घेताना माकड आठवू नका म्हणणाऱ्या वैद्याची गोष्ट आपल्याकडे जुनीच. १९८७ साली डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं तेच पांढऱ्या अस्वलावर करून पाहिलं. अस्वल मनात आणू नका म्हटलेली मुलं अस्वल आलं की घंटा वाजवायची, आणि घंटा काही थांबेना. गेमवीर घंटेऐवजी घसा वापरतो, एवढंच.

हरण्याची त्याला लाज नाही, एकट्यानं हरण्याची आहे. म्हणून वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली तो 'तू हरलास' लिहितो. सत्यनारायणाच्या आरतीत नुसती भुवई उडवून समोरच्याला हरवतो. जांभळं विकणाऱ्या मावशींनाही त्यानं नियम समजावले. त्या म्हणाल्या, "हरलास तर हरलास. वीसचा वाटा आहे, घेतोस का?"

घात केला तो एका पोटनियमानं. हरल्यावर अर्धा तास माफी, असं काही जण मानतात. कर्जतहून खोपोलीला गाडीला अर्धा तासही लागत नाही! पोरांच्या हे लक्षात आलं. गाडी हलली की सगळे एका सुरात "हरलो" म्हणून मोकळे. मग केळवली, डोळवली, लौजी, सगळी स्टेशनं रील्स बघत निर्धास्त. गेमवीराच्या भुवईकडे बघायला कुणी उरलं नाही.

२०२२च्या सुरुवातीला वर्डल या शब्दखेळाची साथ आली, तेव्हा त्यानं स्टेटसला हिरवे-पिवळे चौकोन लावून पाहिले. पण दिवसाला एकच शब्द, तोही इंग्रजी स्पेलिंगसकट. दम टिकला नाही.

२०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिला विश्वचषक जिंकल्यापासून तो बुद्धिबळात आहे. खेळ बरा आहे म्हणतो. फक्त हरल्यावर ओरडायची पद्धत नाही, तेवढी सुधारणा त्याला सुचवायची आहे.