नेलपॉलिशचा जीर्णोद्धार

काम हाती घेण्यापूर्वी घरातल्या सगळ्या बाटल्या एका ठिकाणी आणाव्यात. वाटतं तितकं हे सोपं नाही. एक-दोन ड्रेसिंग टेबलच्या खणात सापडतील, एक फ्रिजच्या दारात अंड्यांशेजारी, एक शिवणाच्या डब्यात, आणि लाल रंगाची बाटली हमखास पक्कड-स्क्रूड्रायव्हरच्या पिशवीत. गाडीला ओरखडा गेला तेव्हा ती तिकडे गेली, ती परत आलीच नाही. बिनरंगाची बाटली खोट्या दागिन्यांच्या डब्यात असते. ती नखांसाठी आणलेली नव्हतीच.

बाटल्या रांगेत मांडल्या की लक्षात येतं, रोज लावायचा फिका गुलाबी यात नाही. तो कधीच संपला. घट्ट झालेत ते सगळे जपून ठेवलेले: भाचीच्या लग्नात शालूवर जाईल म्हणून घेतलेला आमसुली, पैठणीसाठी शोधून आणलेला मोरपंखी, आणि नवरात्रात राखाडीचा दिवस आला म्हणून ऑफिसातल्या सगळ्या जणींनी मिळून घेतलेला राखाडी. राखाडी नेलपॉलिश आयुष्यात एकदाच उघडतं. पण टाकवत नाही, कारण बाटली जवळजवळ भरलेली आहे. प्रस्तुत मार्गदर्शन या बाटल्यांसाठी आहे. जी रोज वापरली जाते तिच्यावर अशी वेळच येत नाही.

आता परीक्षा. ज्या घरात एकदा तरी रवा-नारळाचे लाडू वळले गेले आहेत, तिथे मोजमाप तयारच आहे. ब्रश बाहेर काढून उभा धरावा. थेंब टोकाशी जमून टपकन पडला तर पॉलिश ठणठणीत आहे, बाटली बंद करून कामाला लागावं. थेंब पडताना मागे बारीक तार रेंगाळली तर एकतारी. तार तुटायचं नावच घेत नसेल तर दोनतारी. आणि ब्रश उचलल्यावर त्याच्याबरोबर बाटलीही वर आली तर गोळीबंद. पहिल्या दोन अवस्था उपचारांना दाद देतात. गोळीबंद पाकातून रवा-नारळाचे लाडू होत नाहीत, नेलपॉलिशही होत नाही. तिचा विचार शेवटी करू.

घट्ट झालं म्हणजे खराब झालं, असं घरातलं कोणीतरी या टप्प्यावर म्हणेल. त्यांना शांतपणे समजावून सांगावं. बाटलीतल्या मालाचा मोठा भाग उडून जाण्यासाठीच घातलेला असतो: मुख्यतः इथाइल अ‍ॅसिटेट आणि ब्युटाइल अ‍ॅसिटेट ही द्रावकं. मागे राहतो तो नायट्रोसेल्युलोजचा पापुद्रा, त्याला चकाकी आणि पकड देणारं रेझिन, तडकू न देणारं प्लॅस्टिसायझर आणि रंग. द्रावक नखावरून उडालं की आपण ‘वाळलं’ म्हणून खूश होतो. बाटलीतून उडालं की ‘घट्ट झालं’ म्हणून दुकानदाराला नावं ठेवतो. घडतं दोन्हीकडे तेच. बाटली अर्धी झाली की आत हवेला जागा मोठी होते आणि उडण्याचा वेग वाढतो, म्हणून घट्टपणा नेहमी अर्ध्या बाटलीनंतर लक्षात येतो. सारांश, आत काही कुजलेलं नाही. जे उडून गेलं ते मोजून परत घालायचं, एवढंच.

मात्र ‘जे उडून गेलं ते’ या शब्दांवरून घरोघरी मतभेद होतात.

सर्वांत लोकप्रिय सल्ला रिमूव्हरचा. शेजारच्या वहिनी तो देतात, पार्लरमधली मुलगीही देते. त्याचं वाईट असं की तो लागू पडल्यासारखा वाटतो. अ‍ॅसिटोन नायट्रोसेल्युलोजला झटकन विरघळवतो, पॉलिश क्षणात पातळ होतं, वहिनींचा विजय होतो. पण बाजारातल्या बऱ्याच रिमूव्हरमध्ये पाणी असतं, वर नखं कोरडी पडू नयेत म्हणून तेलाचा किंवा ग्लिसरिनचा अंश. हे सगळं आत गेलं की रेझिन आणि प्लॅस्टिसायझरचं जमलेलं गणित बिघडतं. पॉलिश निस्तेज वाळतं आणि दुसऱ्या दिवशी भांडी घासताना सालीसारखं सुटतं. जो पदार्थ पॉलिश काढण्यासाठी बनवला त्यानेच ते टिकवावं, ही अपेक्षाच मुळात अवघड आहे.

खोबरेल तेलाचा सल्ला घरातल्या थोरांकडून येतो. केस, टाचा, दाराच्या बिजागऱ्या या सगळ्यांना ते चाललेलं आहे, त्यामुळे सल्ल्यामागचा अनुभव नाकारता येत नाही. तेलात नायट्रोसेल्युलोज विरघळत नाही, एवढीच अडचण. रॉकेल आणि टर्पेंटाइनचंही तेच. पाणी घातलं तर पॉलिश चक्क फाटतं, तळाशी गुठळ्या, वर गढूळ पाणी. सॅनिटायझरमध्येही पाणी असतंच.

घरातले पुरुष हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर सुचवतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे हे कबूल केलं पाहिजे, आणि लगेच त्यांना थांबवलंही पाहिजे. यातलं एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोजच; सुतार कपाटाला जे चकचकीत लॅकर मारतो ते नेलपॉलिशचं सख्खं भावंडच. 1920 च्या दशकात अमेरिकेत मोटारींना या जातीचं लॅकर मारायला लागले आणि आठवडेच्या आठवडे वाळत पडणारा रंग पाहता पाहता वाळू लागला. त्यामुळे लाल बाटली गाडीच्या ओरखड्यावर वापरणं हे वाटतं तितकं अडाणीपणाचं नाही. पण हार्डवेअरच्या थिनरमध्ये टोल्युइन, कधी मिथेनॉलही असतं. तो कपाटासाठी आहे. कपाटाला नखं नसतात आणि ते श्वास घेत नाही. शिवाय तो मोठ्या डब्यात मिळतो आणि आपल्याला हवेत तीन थेंब. उरलेला डबा मग पुढची कित्येक वर्षं माळ्यावर.

हवा असतो तो नेलपॉलिश थिनर. तो ब्युटी पार्लरचं सामान मिळतं त्या दुकानात मागावा. दुकानदार रिमूव्हर पुढे करील आणि ‘ताई, एकच आहे हो’ म्हणेल. एकच नाही. बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाचावीत: इथाइल अ‍ॅसिटेट, ब्युटाइल अ‍ॅसिटेट दिसलं आणि अ‍ॅसिटोन दिसलं नाही, तर घ्यावी. थिनरची बाटली बहुधा ज्या नेलपॉलिशसाठी घेतोय त्याच्याहून महाग पडते. हा हिशोब दुकानात करू नये, घरी तर नाहीच.

प्रत्यक्ष कामाला स्वयंपाकघर वर्ज्य. कारण ऐकायचं असेल तर ते थोडं लांबचं आहे. बाझेलला क्रिस्टियान फ्रीडरिश शेनबाइन नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या हातून स्वयंपाकघरात आम्ल सांडलं, त्यांनी ते बायकोच्या सुती एप्रनने पुसलं, एप्रन वाळत घातला आणि तो भपकन जळून नाहीसा झाला, अशी कथा सांगतात. ओट्यावरचं सांडलेलं भलत्याच फडक्याने पुसणारा नवरा हा आपल्याच घरातला प्रकार नव्हे, हे वाचून बरं वाटतं. कथा खरी असो-नसो, 1846 मध्ये त्यांनी गनकॉटन जगापुढे ठेवलं हे खरं; आणि गनकॉटन म्हणजे जास्त नायट्रोजनचं नायट्रोसेल्युलोज. पुढे 1950 च्या सुमारापर्यंत सिनेमाची रिळंही याच कुळातल्या पदार्थाची असत. 2003 च्या जानेवारीत पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली, तेव्हा राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपलेली जुनी नायट्रेटची रिळं तिच्यात गेली. नेलपॉलिशमधलं नायट्रोसेल्युलोज कमी नायट्रोजनचं, स्फोट होणारं नव्हे. पण पेटणारं आहेच. त्यात इथाइल अ‍ॅसिटेटची वाफ उणे 4 अंश सेल्सिअसलाही ठिणगीने पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्याकडे बाराही महिने. तेव्हा गॅस बंद, उदबत्ती बंद, आणि दिवेलागणीची वेळ टाळावी. निरंजनाशेजारी बसून जीर्णोद्धार करू नये. खिडकी उघडी हवी. लहान मुलं बाहेर खेळायला गेलेली असली तर फारच उत्तम.

आधी बाटलीची मान. हे काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं, आणि मार्गदर्शन घेणारे नेमकं हेच गाळतात. झाकण उघडून आट्यांकडे नीट पाहावं. प्रत्येक वेळी ब्रश काठावर निपटला तेव्हाचा रंग तिथे थरावर थर चढून बसलेला असतो: खाली मूळ आमसुली, वर काळपट, मध्येच कापसाचा एक तंतू. या कड्यामुळे झाकण घट्ट बसल्यासारखं वाटतं पण पुरतं बसत नाही, आणि त्या फटीतून रोज थोडं थोडं द्रावक निसटतं. रिमूव्हरचा हक्काचा उपयोग इथे आहे. कापसाचा बोळा त्यात बुडवून, पिळून, आट्यांवरून फिरवावा. थेंब आत पडता कामा नये. कडं मऊ झालं की टूथपिकने एका बाजूने उचलावं. कधी कधी ते अखंड निघतं, अंगठीसारखं, आणि त्यावेळी होणारा आनंद शब्दांत सांगता येत नाही. झाकणाच्या आतल्या आट्याही तशाच पुसाव्यात.

मग झाकण लावून बाटली वाटीतल्या कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवावी. कोमट म्हणजे हाताला सोसवेल इतकं. उकळत्या पाण्यात नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच नाही. एकतारी असेल तर एवढ्यानेही ते त्या दिवसापुरतं सैल होतं, पण गार झालं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आता ड्रॉपर. घरात औषधाचा जुना ड्रॉपर असतोच. यानंतर तो औषधाला वापरायचा नाही, हे त्यावर लिहून ठेवावं. दोन थेंब. तीन चालतील. झाकण लावून बाटली दोन्ही तळव्यांत धरून रवीसारखी फिरवावी. जोरजोरात हलवली तर आत बुडबुडे होतात आणि तेच पुढे नखावर फोडासारखे उमटतात. आतल्या पोलादी गोळ्या फिरताना ऐकू आल्या की तळातला रंग सुटला समजावं. मग थांबावं, अर्धा तास तरी. तार पुन्हा पाहावी, लागलं तर आणखी एक थेंब. इथे बहुतेकांचा धीर सुटतो आणि धार सोडली जाते. धार सोडलेलं पॉलिश नखावर रंगीत पाण्यासारखं पसरतं, क्युटिकलमध्ये शिरतं आणि तीन हातांनंतरही नख दिसत राहतं. जास्त झालं तर झाकण उघडं ठेवून वाट बघायची; म्हणजे ज्याच्याविरुद्ध एवढा लढा दिला त्यालाच शरण जायचं.

जेल पॉलिशला यातलं काही लावू नये. ते द्रावक उडून वाळत नाही, दिव्याखाली घट्ट होतं. ते बाटलीत घट्ट झालं असेल तर त्याने कुठूनतरी ऊन पाहिलेलं आहे.

देखभालीचं थोडक्यात. लावताना फोन आला तर आधी झाकण, मग फोन. बाटली उभी ठेवावी, खिडकीत नको. फ्रिजची गरज नाही, बंद कपाटाची सावली पुरे. फ्रिजातली गार बाटली लगेच उघडली तर ओलावा धरतो तो वेगळाच. जाड एक हात देण्यापेक्षा पातळ दोन द्यावेत. आणि पैठणीची वाट न बघता मोरपंखी रंग साध्या मंगळवारी लावावा, असं सुचवावंसं वाटतं. पण ही सूचना कोणी पाळणार नाही, म्हणून ती नियमांत घातलेली नाही.

इतकं करून जिवंत झालेलं पॉलिश नखांवर क्वचितच जातं. बिनरंगाचं ठुशीच्या मागच्या बाजूला आणि कानातल्यांच्या काडीला लागतं, म्हणजे काही दिवस तरी ते काळे पडत नाहीत आणि कानाला खाज येत नाही. राखाडी चष्म्याच्या सैल स्क्रूवर. आमसुली गॅलरीच्या किल्लीवर, लाल माळ्याच्या किल्लीवर, आणि कोणती कोणती हे फक्त आईला ठाऊक.

राहिली गोळीबंद बाटली. ती मोरीत रिकामी करू नये, करता येणारही नाही. 2016 च्या घनकचरा नियमांत रंगाचे डबे घातक घरगुती कचऱ्यात धरले होते, तोच न्याय हिला लावून ती वेगळ्या पुडीत बांधावी आणि घंटागाडी आली की पुडी हातात देऊन आत काय आहे ते स्पष्ट सांगावं. गाडीवरचे काका पुडी सोडतील, बाटली उजेडाकडे धरून वाकडी करून बघतील आणि म्हणतील, ‘ताई, ह्यात अजून आहे की.’