लोकपालांची गाडी

२०११ च्या ऑगस्टमध्ये अण्णा हजारे लोकपाल कायद्यासाठी दिल्लीच्या रामलीला मैदानावर उपोषणाला बसले, तेव्हा आमच्या गल्लीतल्या पोरांनी टोप्या घातल्या, मेणबत्त्या पेटवल्या आणि अर्धा तास रहदारी अडवली. लोकपाल आला की लाचखोरी संपली, हा हिशेब सगळ्यांचा पक्का होता.

लोकपाल मात्र घाईतला नव्हता. पहिलं विधेयक १९६८ चं, कायदा २०१३ चा आणि पहिली नेमणूक मार्च २०१९ ची. मधली पाच वर्षं कशात गेली? निवड समितीत विरोधी पक्षनेता हवा, आणि लोकसभेत मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेताच नाही, ही सबब. लाच घेणाऱ्यांचं असं कोरमअभावी कधी अडल्याचं ऐकिवात नाही.

असो, आता लोकपाल आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांच्या कार्यालयाने सात बीएमडब्ल्यू गाड्यांची निविदा काढली. एकेक गाडी सुमारे सत्तर लाखांची. लोक उगाच चिडले. भ्रष्टाचार एवढ्या वेगाने पळत असताना पाठलाग काय रिक्षाने करायचा?

माझ्या पुतण्याचा मात्र देशावर पूर्ण विश्वास आहे. परवा दाखला काढून आला. "काका, सगळं ऑनलाइन झालंय. रांग नाही, काही नाही!" मग 'चहापाणी' द्यावं लागलं नाही का, म्हणून विचारलं.

"दिलं ना. पण रोख नाही. बाहेरच्या एजंटाने क्यूआर कोड लावलाय. सुट्ट्यांची कटकटच मिटली."