घरातलं आंदोलन : नवविवाहित कोल्हापूरकरांसाठी कार्यपद्धती

लग्न जमवताना छत्तीस गुण बघतात. नाडी, गण, मंगळ, मुलाची शेती किती, ऊस कुठल्या कारखान्याला जातो, मुलीला भाकरी थापता येते का, सगळं विचारून होतं. दोघांना भांडता येतं का, हे मात्र कुणी विचारत नाही. आणि हळद उतरायच्या आत पहिली गरज त्याचीच पडते. गादीवरचा ओला टॉवेल, पंख्याचा नंबर, रिझर्व्हला लावून ठेवलेली गाडी, ऑफिसात विसरलेला डबा आणि ‘जरा चौकात जाऊन येतो’ म्हणून गेलेल्या माणसाचं रात्री अकराला उगवणं, एवढ्या भांडवलावर संसाराचं पहिलं वर्ष आरामात निघतं. या विषयांवर भांडण होणार, आणि त्यात वाईट काही नाही. वाईट असतं ते बिनपद्धतीचं भांडण. पद्धत शोधायला समुपदेशकाकडे किंवा परदेशी पुस्तकांकडे जायची गरज नाही, असं प्रस्तुत मार्गदर्शनाचं म्हणणं आहे. कोल्हापूर शहरानं ती तयार करून ठेवली आहे. इथं टोलपासून मटणापर्यंत कुठल्याही विषयाची कृती समिती होते, निवेदन जातं, ठिय्या बसतो, बैठक लागते, तोडगा निघतो आणि माणसं चहा पिऊन घरी जातात. घरी गेल्यावर मात्र तीच माणसं आठ-आठ दिवस एकमेकांशी बोलत नाहीत. चौकातलं शहाणपण उंबऱ्याच्या आत का येत नाही, हे कोडंच आहे.

पहिला नियम मागणीचा. शहराच्या आतल्या रस्त्यांसाठी ऑक्टोबर २०१३ मध्ये टोलवसुली सुरू झाली आणि प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखी वयोवृद्ध माणसं रस्त्यावर उतरली. सर्वपक्षीय समितीत एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे लोक शेजारी बसले होते, कारण मागणी एका ओळीची होती : टोल द्यायचा नाही. डिसेंबर २०१५ मध्ये सरकारनं टोलमुक्ती जाहीर केली. त्या मागणीला मध्येच कुणी बसस्थानकाची डागडुजी आणि रंकाळ्याची जलपर्णी जोडली असती, तर नाके आजही उभे दिसले असते. घरात नेमकं हेच होतं. विषय टॉवेलचा निघतो, तिथून तो ‘तुमच्याकडं सगळ्यांनाच सवय आहे’ इथं जातो, मग साखरपुड्यात आहेर कमी आला होता तिथं, आणि शेवटी मेहुण्याच्या मोटारसायकलीवर येऊन थांबतो. तोवर टॉवेल वाळलेला असतो, म्हणजे पुरावाही गेलेला असतो. म्हणून मागणी लेखी असावी. ‘विषय : गादीवर ओला टॉवेल टाकण्याबाबत’ एवढं वर, खाली दोन ओळींत वस्तुस्थिती, शेवटी मुदत. निवेदन फ्रिजवर लावावं. ‘प्रत माहितीसाठी’ या सदरात दोन्हीकडच्या आयांची नावं कदापि घालू नयेत. तशी प्रत गेली की विषय जिल्ह्याबाहेर जातो. टोल आंदोलनात जानेवारी २०१४ मध्ये नाके पेटले होते, तेवढा भाग मात्र सोडून द्यावा. घरातली प्रत्येक वस्तू दोघांच्या हप्त्यांतून आलेली असते, त्यामुळे आदळआपट करणारा आपल्याच पैशाची आदळआपट करत असतो.

दुसरा नियम अबोल्याचा, आणि इथं थोडं थांबलं पाहिजे, कारण तरुण जोडप्यांचा सर्वांत आवडता आणि सर्वांत निरुपयोगी प्रकार हाच. अबोल्याचे समर्थक म्हणतात की गप्प बसण्यात मोठी ताकद असते. असते, नाकारत नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये कोल्हापुरात मराठा समाजाचा मूक मोर्चा निघाला, तेव्हा रस्त्यांवर माणसं मावत नव्हती आणि घोषणा एकही नव्हती. पण त्या मोर्चांच्या मागण्या ठरलेल्या आणि छापलेल्या होत्या, आणि त्यांचं निवेदन मुलींच्या हातून प्रशासनाला देण्याची रीत होती. मौन होतं ते घोषणांचं, मागणीचं नव्हतं. घरातल्या अबोल्यात उलट असतं. मागणी गुपित आणि भांड्यांच्या घोषणा चालू. समोरच्यानं ‘काय झालं?’ विचारलं की ‘काय नाही’ असं उत्तर येतं, आणि हे ‘काय नाही’ ऐकून तो खरंच काही नाही समजून क्रिकेट बघायला बसतो, की त्याच्यावर आणखी एक कलम लागतं. कुठलाही जिल्हाधिकारी कोरं निवेदन स्वीकारत नाही, मग नवऱ्यानं किंवा बायकोनं ते का स्वीकारावं? मूक आंदोलन करायचं असेल तर जरूर करावं, पण आधी चिठ्ठी द्यावी आणि मग गप्प बसावं. चिठ्ठी लिहिताना निम्मे लोक हसतात आणि आंदोलन तिथंच बारगळतं, हा पद्धतीचा दोष मानू नये.

वेळ साधण्याची कला शिरोळ तालुक्याकडून शिकावी. जयसिंगपूरला स्वाभिमानी शेतकरी संघटनेची ऊस परिषद भरते ती गळीत हंगामाच्या तोंडावर. सगळा ऊस गाळून झाल्यावर नाही. शिवाय परिषदेत मागितलेला दर आणि शेवटी पदरात पडणारी पहिली उचल हे दोन वेगळे आकडे असतात, हे शेतकरी, कारखानदार आणि पोलीस तिघांनाही आधीपासून माहीत असतं. आता दिवाळीचं घ्या. पहिल्या वर्षी वाद नाही, दिवाळसण सासुरवाडीला, जावई चांदीच्या वाटीकडं न बघितल्यासारखं करत बसलेला. खरी लढाई दुसऱ्या वर्षी. बायकोनं हा विषय धनत्रयोदशीला काढला तर हंगाम हातचा गेला; एसटीचं आरक्षण संपलेलं असतं आणि सासूबाईंनी चकलीची भाजणी दळून आणलेली असते. विषय पितृपंधरवड्यात काढावा. शुभकार्यं नसतात, माणसं मोकळी असतात, सगळे जरा नरमलेले असतात. आणि मागावी ती अख्खी दिवाळी, वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत, म्हणजे पाडवा इथं आणि भाऊबीज गडहिंग्लजला या तोडग्यावर दोन्ही बाजूंना जिंकल्यासारखं वाटतं. नवऱ्यांनाही हे लागू आहे. तालमीची फुटबॉल मॅच दुपारी असेल तर त्याच सकाळी परवानगी मागणारा माणूस ऊस तोडून दर विचारतोय.

अन्नाला हत्यार करू नये, हा तिसरा नियम, आणि तो मोडण्याचे परिणाम या शहराला तोंडपाठ आहेत. २०१९ च्या अखेरीस मटणाचा दर चढला, तेव्हा ग्राहकांनी कृती समिती केली, मटण घ्यायचं नाही असं ठरवलं. विक्रेत्यांनीही दुकानं बंद ठेवली. जगात इतरत्र माणसं भाव वाढला की कमी खातात, इथं बैठक घेतात. पण त्या दिवसांत हाल कुणाचे झाले? दोन्ही बाजूंचे. पाहुणे आलेत आणि ताटात वांगं आहे, याहून मोठी नामुष्की पेठेत नसते. म्हणून ‘आज मी जेवणार नाही’ आणि ‘आज मी करणार नाही’ या दोन्ही घोषणा कार्यपद्धतीतून वगळल्या आहेत. उपोषणाचा फारच मोह झाला तर ते साखळी पद्धतीनं करावं : सकाळी त्यानं, संध्याकाळी तिनं, तेवढंच वजन उतरतं. त्यापेक्षा रविवारी स्वयंपाकघर आंदोलकाच्या ताब्यात देणं जास्त परिणामकारक. ज्याची मागणी, त्यानं मटण आणायचं आणि शिजवायचं. हळद, मीठ, आलं-लसूण लावून मटण शिजायला घातलं की कुकर असला तरी बराच वेळ हाताशी राहतो, आणि बोलणी त्या वेळेत होतात. एका जागी इतका वेळ दोघं एरवी थांबत नाहीत. अळणी तयार झालं की त्यातलं थोडं नारळाचं दूध, खसखस, काजू लावून पांढऱ्या रश्श्याला आणि उरलेलं कांदा-लसूण चटणी घालून तांबड्याला. बायको पुण्याकडची असेल आणि तांबड्यानं तिचे डोळे भरून येत असतील, तर त्या पाण्याचा अर्थ पश्चात्ताप असा लावू नये.

जागा कोणती? पुढारी एकमेकांना बिंदू चौकात यायचं आव्हान देतात, ते नवदांपत्याला जमणारं नाही, तिथं ओळखीची माणसं फार. घरात बोलावं तर दोन खोल्या, पातळ भिंत आणि पलीकडं मालिकेचा आवाज अचानक कमी झालेला. माझी शिफारस रंकाळ्याची आहे. संध्याकाळी पाण्याच्या कडेनं चालताना दोघांची तोंडं एकाच दिशेला असतात, त्यामुळे डोळे वटारता येत नाहीत. चार लोक असल्यानं आवाज आपोआप खाली राहतो. आणि कितीही राग आला तरी उठून निघून जायचं म्हटलं तर गाडीची किल्ली एकीकडं आणि पाकीट दुसरीकडं असतं. एका फेरीत निवेदनाचं वाचन, दुसऱ्या फेरीत चर्चा. भेळ तोडग्याच्या आधी घेऊ नये. भरल्या पोटी माणूस मागणीवर टिकत नाही.

यावर आक्षेप येणारच. पहिला असा की प्रेमात निवेदनं कसली, घराची कलेक्टर कचेरी होईल. पण या आक्षेपात एक समजूत दडलेली आहे, की प्रेम असलं की न सांगता कळतं. ज्यांना तीन वर्षं एकाच गादीवर झोपून पंख्याचा नंबर कळलेला नाही, त्यांना न सांगता काय कळणार? कचेरीत किमान आवक क्रमांक मिळतो. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे : आंदोलनाला सरकार लागतं, घरात सरकार कोण? याचं उत्तर विषयागणिक बदलतं आणि बदललंच पाहिजे. टॉवेलच्या प्रश्नात टॉवेलवाला सरकार, माहेरच्या रोजच्या तासभर फोनच्या प्रश्नात फोनवाली. ज्या घरात कायम एकच माणूस सरकार आणि दुसरा कायम निवेदन देणारा असतो, तिथं ही पद्धत चालत नाही, चालूही नये. मारहाण, छळ, पैशासाठी जाच हे टॉवेलच्या रांगेतले विषय नव्हेत. राजर्षी शाहूंच्या करवीर संस्थानानं स्त्रियांच्या छळाविरुद्ध कायदा केला तो १९१९ साली. तेव्हा घरातली गोष्ट घरातच राहू दे म्हणणाऱ्यांना या गावात शंभर वर्षांपूर्वीच उत्तर मिळालं आहे. तिथं फ्रिजवर चिठ्ठी लावायची नसते, पोलीस ठाण्यात जायचं असतं.

तिसरा आक्षेप मोठ्या माणसांचा. सुनेनं निवेदन दिलं आणि मुलानं ते स्वीकारलं, हे बघून घरातल्या ज्येष्ठांना वाटतं की आपल्याला विचारलंच नाही. खरं आहे, विचारलेलं नसतं. २०१९ च्या लोकसभेला ‘आमचं ठरलंय’ हे दोन शब्द कोल्हापुरात भिंतीभिंतीवर दिसत होते, आणि त्यांचा संसारातला उपयोग राजकारणातल्यापेक्षा मोठा आहे. हनिमूनला गोवा की कूर्ग, मूल केव्हा, वेगळं बिऱ्हाड की इथंच, या प्रश्नांवर दोघांनी आधी आत भांडून घ्यावं आणि बाहेर येऊन एका सुरात हे दोन शब्द म्हणावेत. आत तीन दिवस भांडण झालं होतं, हे बाहेर सांगायचं कारण नाही. एकानं जरी ‘मला तर दुसरंच वाटत होतं, पण हिनं...’ असं सुरू केलं, तर आघाडी फुटली आणि आत्याबाई मध्यस्थ म्हणून आत आल्या असं समजावं. त्यांना बाहेर काढायला वेगळं आंदोलन लागतं.

राहिला वेळेचा प्रश्न. कोल्हापूरच्या मागण्यांना वय फार होतं, हे मान्य. उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी सहा जिल्ह्यांचे वकील चार दशकं झगडले, तेव्हा ऑगस्ट २०२५ मध्ये सर्किट बेंच सुरू झालं. काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनच्या पाण्यासाठी एका पिढीनं घागरी काढल्या आणि पाणी आलं ते २०२३ च्या दिवाळीत. त्या हिशेबानं ओल्या टॉवेलचा निकाल रौप्यमहोत्सवाला लागेल, अशी भीती काही नवविवाहितांनी बाळगणं स्वाभाविक आहे. पण एवढी वर्षं या लोकांनी मागणी बदलली नाही आणि एकमेकांशी बोलणंही सोडलं नाही, हेही नोंदवायला हवं. घरात मुदत पंधरा दिवसांची ठेवावी. तोडगा निघाला तर त्या दिवशीच अंमलबजावणी सुरू करावी, म्हणजे बाल्कनीत दोरी बांधावी. दोरी कुणी बांधायची यावर उपसमिती नेमू नये. आणि समिती बरखास्त करू नये, कारण मटणाचा दर ठरल्यावर पुढं वाढतच गेला, हे सगळ्यांना माहीत आहे. फ्रिजवरची चिठ्ठी काढून त्याच चुंबकाखाली पुढचा विषय लावावा. तो बहुधा पाण्याच्या मोटारीचा असतो : टाकी भरून वाहते, खालचे भाडेकरू ओरडतात, आणि मोटार लावली कुणी हे दोघांपैकी एकालाही आठवत नाही.