कविता न वाचता पास

दर वर्षी बीएच्या पहिल्या वर्गात मी विचारतो, "बारावीच्या इंग्रजीतली कुठली कविता आवडली?" मुलं कवितेचं नाव सांगत नाहीत, अलंकार सांगतात. "सर, त्यात ॲलिटरेशन होतं." कविता कशाबद्दल होती, ते आठवत नाही.

हीच मुलं तीन वर्षांनी इंग्रजी 'स्पेशल' घेऊन पदवीधर होतात आणि कित्येकांनी 'मॅकबेथ'चं एक पानही मुळातून वाचलेलं नसतं. परीक्षेच्या तोंडावर झेरॉक्सच्या दुकानात नोट्स मिळतात. सारांश, पात्रचित्रण, महत्त्वाचे प्रश्न. तेवढ्यावर पेपर सुटतो. मुलांना बोल लावू नका. सुट्टीचा चार ओळींचा अर्ज इंग्रजीत लिहिताना ज्याला घाम फुटतो, त्याच्या हातात आपण चारशे वर्षांपूर्वीची इंग्रजी देतो आणि वर रसग्रहण मागतो. तो पाठ करणार नाही तर काय करणार?

यावर हल्ली एक उपाय निघालाय. साहित्य काढा, 'कम्युनिकेशन स्किल्स' घाला. मुलाखतीला कसं बसायचं, ईमेल कसा लिहायचा. मला हा उपाय रोगापेक्षा वाईट वाटतो. ईमेलचा साचा आठवड्यात जमतो. भाषा अंगात मुरायची तर जीव गुंतेल असं काहीतरी त्या भाषेत वाचावं लागतं.

ते आपल्याकडे आहे. अरुण कोलटकरांचं 'जेजुरी' १९७६ साली इंग्रजीत आलं, पुढच्या वर्षी त्याला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. त्यातली म्हातारीवरची कविता मी गेल्या वर्षी वर्गात घेतली. पन्नास पैसे दे, देऊळ दाखवते, म्हणत म्हातारी पाहुण्याची बाही धरते आणि सोडत नाही. इंग्रजी इतकी सोपी की पोरं अडखळत का होईना, स्वतः वाचत गेली. 'बर' (burr) या शब्दावर वर्ग अडला. म्हातारी कशासारखी चिकटते? मी म्हणालो, रानातून आल्यावर पँटला काय चिकटतं? "गोखरू!" "कुसळ!" चार बाकांवरून आवाज आले. तो शब्द आता ती मुलं जन्मात विसरणार नाहीत. कविता संपल्यावर एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी म्हणाली, "सर, म्हणजे शेवटी चिल्लर तो पाहुणाच झाला ना?" कवितेचा गाभा तिने एका वाक्यात काढून हातावर ठेवला. हेच इंग्रजीत लिही म्हटलं, तर तिने लिहिलं. क्रियापद चुकलं होतं. मुद्दा चुकला नव्हता.

इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायचं नाही, हा नियम मी पाळत नाही. आगरकरांनी १८८३ साली 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' केलं. इंग्रजीचे प्राध्यापक असलेल्या विंदा करंदीकरांनी 'किंग लिअर' मराठीत आणला. आपल्या भाषेची वाट धरून शेक्सपिअरपर्यंत जाण्यात या माणसांना कमीपणा वाटला नाही. मग आपण एकोणीस वर्षांच्या पोरांचं तोंड कशाला बांधतो?

वेळ नाही, सिलॅबस संपवायचाय, असं सहकारी म्हणतात. खरं आहे. एक कविता नीट वाचायला मला तीन तास लागले आणि नेमलेल्या कविता बारा होत्या. म्हणून अभ्यासमंडळावर बसणाऱ्या प्राध्यापकांना हात जोडून विनंती. पुढच्या वेळी निम्म्या कविता कमी करा आणि प्रश्नपत्रिकेत एक न शिकवलेली कविता छापा. दहाच ओळींची. खाली एवढंच विचारा: काय कळलं ते तुमच्या इंग्रजीत लिहा. व्याकरणाचे गुण कापू नका. त्या प्रश्नाचं गाईड कुणालाही छापता येणार नाही.