लिनक्सकर

लिनक्सकर ओळखायला खटपट करावी लागत नाही; तो आपण होऊन सांगतो. लग्नाच्या पंगतीत शेजारचा पाहुणा नुसता म्हणाला, "हल्ली आमचा कॉम्प्युटर फार रखडतो हो," की लिनक्सकराच्या हातातली जिलबी पानात परत जाते. "विंडोज असणार," तो म्हणतो. यंत्र पाहिलेलं नाही, निदान तयार. मग मसालेभात येईपर्यंत पाहुण्याला कळतं, की १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टॉरवल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने निव्वळ छंद म्हणून एक प्रणाली लिहायला घेतली. आणि मठ्ठा येईपर्यंत हेही कळतं, की जगातले पहिले पाचशे महासंगणक आज लिनक्सवर चालतात, पाहुण्याच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सच आहे आणि मंगळावर उडालेलं हेलिकॉप्टरही लिनक्सच्याच जिवावर उडालं. पाहुणा मान डोलावतो आणि विचारतो, "मग त्यात टॅली चालतं का?"

इथे लिनक्सकर वाढप्याला हाक मारून अजून मठ्ठा मागतो.

हा गृहस्थ बहुधा पुण्यात कोथरूड-कर्वेनगरच्या बाजूला राहतो. वय चाळिशीच्या पुढे. ऑफिसात दिवसभर कंपनीच्या लॅपटॉपवर निमूटपणे विंडोज वापरतो. पोटासाठी माणूस काय काय करतो, असा भाव चेहऱ्यावर असतो. घरी आल्यावर तो स्वतंत्र होतो. घरचा लॅपटॉप म्हणजे जुना, काळा, विटेएवढा जाड थिंकपॅड. नवीन घ्यायला पैसे नाहीत असं नव्हे. नव्यात सगळं पहिल्या दिवसापासून चालेल की काय, ही धास्ती. कपाटात उबुंटूची एक सीडी जपून ठेवलेली. २००४ साली उबुंटू निघालं तेव्हा कॅनॉनिकल कंपनी मागेल त्याला जगभर फुकट सीडी पाठवत असे, टपालखर्चही तिचाच. परदेशातून आपल्या नावाने आलेलं ते पहिलं पाकीट. आता घरात सीडी घालायला एकही यंत्र उरलेलं नाही, पण सीडी टाकायचं नाव काढायची वहिनींची हिंमत नाही.

उबुंटूवर तो थांबला असता तर संसार सुखाचा झाला असता. पण लिनक्सचं कर्नल, म्हणजे गाभा, एक आणि त्याभोवती बाकीचं सामान आपापल्या पद्धतीने बांधून देणाऱ्या डिस्ट्रो शेकडो. डेबियन १९९३ पासूनची, भारदस्त. तिच्या आवृत्त्यांना मात्र 'टॉय स्टोरी'तल्या पात्रांची नावं. फेडोरा नव्याची हौस असणारी. मिंट गरीब स्वभावाची. जेंटूची रीत तर प्रोग्राम आपल्याच यंत्रावर कंपाइल करून घ्यायची. ब्राउझर हवा असेल तर रात्री लावून ठेवायचा आणि सकाळी बघायचं, झाला का ते. भाडेकरूने अकरा महिन्यांचा करार संपला की बिऱ्हाड हलवावं, तसा लिनक्सकर डिस्ट्रो बदलत राहतो. फरक इतकाच, की त्याला घरातून कुणी काढत नाही. अखेरीस तो आर्चवर पोचतो. आर्चमध्ये आधी काळा पडदा आणि लुकलुकणारा कर्सर मिळतो, बाकी सगळं आपण उभं करायचं. आर्च वापरणारा माणूस ते न सांगता किती वेळ राहू शकतो, हा विनोद जगभरातले लिनक्सकर एकमेकांना ऐकवतात, आणि तो ऐकवतानाच आपण आर्च वापरतो हेही सांगून टाकतात.

सजावटीची हौस हा वेगळाच अध्याय. वीसेक वर्षांपूर्वी कॉम्पिझ आलं, तेव्हा त्याने डेस्कटॉपचा घन करून गरागरा फिरवला होता. खिडकी ओढली की जेलीसारखी थुलथुलायची. पाहुण्यांना चहाच्या आधी ते दाखवलं जाई. पुढे वैराग्य आलं. आता त्याच्या पडद्यावर आयकॉन नाहीत, मेनू नाही, बंद करायचं बटणसुद्धा नाही. सगळं कीबोर्डवरून, आणि कुठली कळ काय करते हे एका त्यालाच ठाऊक. पासवर्डची तशी गरजच उरलेली नाही. चोराने हा लॅपटॉप उघडलाच, तर बंद कसा करायचा हे विचारायला तो लिनक्सकरालाच उठवेल. कोपऱ्यात मात्र कॉन्की नावाच्या प्रोग्रामचे आकडे अखंड हलत असतात: प्रोसेसर दोन टक्के, तापमान एवढं, मेमरी तेवढी. कॉम्प्युटर सध्या काहीही करत नाही, एवढंच ते आकडे सांगतात. ज्या फाइलींत ही सारी मांडणी लिहिलेली असते त्यांच्या नावाआधी टिंब असतं, म्हणून त्या एरवी दिसत नाहीत. या डॉटफाइल्सची तीन ठिकाणी नक्कल ठेवलेली असते. लग्नाचे फोटो एकाच जुन्या हार्डडिस्कवर आहेत.

खरी कसोटी प्रिंटरची. "अहो, लेकीचं हॉल तिकीट तेवढं छापून द्या, परीक्षा उद्या आहे," असं वहिनी म्हणतात तेव्हा रात्रीचे आठ वाजलेले असतात. हल्लीचे प्रिंटर लिनक्सवर बहुतेक मुकाट्याने छापतात. पण आदल्याच रात्री साहेबांनी डिस्ट्रो बदललेली असते. टर्मिनल उघडतं. कप्स नावाची सेवा चालू होते, बंद होते, पुन्हा चालू होते. साडेनवाला प्रिंटर घरघरतो आणि एक सुबक चाचणीपान बाहेर पडतं. लिनक्सकर ते विजयाने उंचावतो. तोवर वहिनी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून हॉल तिकीट घेऊन आलेल्या असतात.

अशा वेळी त्याला इतिहास आठवतो. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा लेसर प्रिंटर आला होता. त्यात कागद अडके. रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रामरला त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये थोडी दुरुस्ती करायची होती, म्हणजे कागद अडकला की वापरणाऱ्यांना सूचना तरी जाईल. पण सोर्स कोड कुणी देईना. ती चीड मनात राहिली, आणि १९८३ मध्ये त्याने ग्नू प्रकल्प जाहीर केला: सॉफ्टवेअर वाचायला, बदलायला, वाटायला मोकळं हवं. "म्हणजे प्रिंटर अडला म्हणून ही चळवळ सुरू झाली!" लिनक्सकर सांगतो. "आणि अजून तिथेच आहे," वहिनी म्हणतात.

तरीही त्याला निव्वळ हसण्यावारी नेता येत नाही. विकत घेतलेली वस्तू पूर्णपणे आपली असावी, झाकण उघडून आत बघायची मुभा असावी, एवढंच त्याचं मागणं आहे. केरळातल्या सरकारी शाळांतली मुलं मुक्त सॉफ्टवेअरवर शिकतात, हे सांगताना त्याचा आवाज खरोखर हळवा होतो. लिनक्सवर मराठी नीट दिसावी म्हणून फॉन्टपासून मेनूच्या भाषांतरापर्यंत अनेकांनी खपून काम केलं, त्यांत बिनपैशांनी जागणारेही होते. त्यानेही कधीतरी एक ओळ दुरुस्त करून पाठवली होती. ती स्वीकारली गेली त्या दिवशी त्याने घरी श्रीखंड आणलं. कशाबद्दल, ते कुणाला नीट कळलं नाही.

डेस्कटॉपवर लिनक्स वापरणारे अजूनही शंभरात चार-पाचच. 'यंदाचं वर्ष लिनक्सचं' हे भाकीत तो पाडव्याच्या श्रद्धेने दरवर्षी करतो. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी आणि प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा हवा, म्हणून सोसायटीतले कितीतरी धडधाकट कॉम्प्युटर एका दिवसात म्हातारे ठरले. लिनक्सकर पेनड्राइव्ह घेऊन जिने चढू लागला.

पहिला मान दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा. त्याने मिंट टाकून दिलं आणि बजावलं, "काही अडलं तर रात्री दोनलाही फोन करा." फोन आला नाही. दिवस गेले, तरी नाही. शेवटी तोच जिन्यात थांबला.

"काकू, कॉम्प्युटर कसा चाललाय?"

"छान."

"वायफाय?"

"लागतं की."

"अपडेट?"

"तो विचारतो, मी हो म्हणते."

"प्रिंटर?"

"परवाच विजेचं बिल छापलं."

लिनक्सकराचा चेहरा उतरला. मग त्याने आवाज खाली आणला. "काकू, मिंट म्हणजे नवशिक्यांचं हो. तुमचा हात आता बसलाय. रविवारी येऊन आर्च टाकून देऊ?"

"त्याने काय होईल?"

"काही बिघडलं, तर आपलं आपल्याला दुरुस्त करता येतं."

"पण हे बिघडतच नाही ना!"

"तेच तर!" लिनक्सकर म्हणाला.