श्रावणबाळ, बाण आणि दाखला

महाराष्ट्र सरकारने निराधार म्हाताऱ्यांच्या पेन्शनला श्रावणबाळाचं नाव दिलं. त्याला लागलेला बाण दशरथ राजाचा होता, हे मंत्रालयात कुणी वाचलं नसावं. केंद्राचा वाटा साठीनंतर महिना २०० रुपये. ऐंशी गाठलीत तर ५००. म्हणजे जगा, पण चिकाटीने. दरवर्षी हयातीचा दाखला हवाच. जन्मभर भांडी घासून आजीच्या बोटांचे ठसे पुसलेले. यंत्र तिला जिवंत मानत नाही, रांगेतले मानतात.

पोरं सांभाळत नसतील तर २००७ चा कायदा आहे. निवडणूक, भूसंपादन, अतिवृष्टीचे पंचनामे यांतून सवड काढून प्रांतसाहेब न्यायाला बसतात. नोटीस पोचल्यापासून ९० दिवसांत निकाल. नोटीस घेऊन शिपाई येतो, तेव्हा दार मुलगाच उघडतो.