जुडीभर पालकासाठी तळं

ज्याला स्वस्तात पालक हवा आहे, त्याने अ‍ॅक्वापोनिक्सच्या वाटेला जाऊ नये. मंडईत पालकाची जुडी मिळते, ओळखीची भाजीवाली असेल तर वर मूठभर कोथिंबीरही मिळते. पण ज्याला पालक खाण्यापेक्षा पालकाबद्दल बोलण्यात जास्त रस आहे, त्याच्यासाठी यासारखा छंद नाही.

ऐकायला प्रकरण फारच सोपं आहे. खाली टाकीत मासे, वर खडीच्या वाफ्यात भाजी. माशांच्या घाणीचं पाणी पंपाने वर चढतं, त्यावर भाजी पोसली जाते आणि निवळलेलं पाणी पुन्हा माशांकडे उतरतं. माती नाही, शेणखत नाही आणि तेच पाणी फिरत राहत असल्यामुळे पाणीही थोडंच लागतं. चीनमध्ये भातखाचरांत मासे सोडण्याची रीत शतकानुशतकांची आहे, अमेरिकेच्या व्हर्जिन आयलंड्सवरच्या विद्यापीठात जेम्स रॅकोसी यांनी १९८० पासून या शेतीवर वर्षानुवर्षं संशोधन केलं, वगैरे सगळं मी घरात सांगितलं. बायकोने शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आणि कपडे कुठे वाळत घालायचे?"

कपड्यांचा प्रश्न सुटला, वजनाचा उभा राहिला. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ५०० लिटरची टाकी म्हणजे बाल्कनीच्या स्लॅबवर अर्धा टन, शिवाय खडी वेगळी. हा हिशेब सोसायटीच्या सेक्रेटरींनी माझ्याही आधी केला होता. शेवटी १०० लिटरवर तडजोड झाली आणि टाकी भिंतीलगत बसली. खालच्या मजल्यावरचे काका मात्र अजून मला बघितलं की आधी त्यांच्या छताकडे बघतात.

मासा कोणता, यावर घरात दोन पक्ष पडले. जगभर या कामाला तिलापिया लावतात. म्हणजे आपली चिलापी. मूळची आफ्रिकेची, १९५२ साली भारतात आणली गेली आणि उजनीच्या पाण्यात अशी रुळली की भिगवणची होऊन गेली. माझा मेव्हणा भिगवणचाच, त्यामुळे त्याचं मत चिलापीला. पण आई माळकरी. "घरात वाढवायचे आणि घरातच कापायचे? तेही एकादशी बघून?" असं तिने विचारल्यावर गोल्डफिश बहुमताने निवडून आले. मेव्हण्याने टाकी बघायला आल्यावर एकच प्रश्न केला, "दाजी, हे किती किलोपर्यंत जातंय?"

पण गोल्डफिश लगेच आणता येत नाहीत, इथेच या छंदाची खरी परीक्षा आहे. माशांच्या घाणीतून पाण्यात अमोनिया उतरतो, तो माशांना विष. नायट्रोसोमोनास नावाचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, आणि ते मात्र भाजीला मनापासून आवडतं. ही मंडळी खडीत वस्तीला यायला साधारण चार ते सहा आठवडे घेतात. मुहूर्त लवकर गाठायचा असेल तर कुणाच्या जुन्या टाकीतला मळका स्पंज आणायचा. मी मत्स्यालयाच्या दुकानात जाऊन सगळ्यात घाण स्पंज मागितला. दुकानदाराने पैसे घेतले नाहीत, पण पुढच्या गिऱ्हाइकाला जरा बाजूला उभं केलं.

तोवर रिकाम्या टाकीत पाणी फिरवायचं आणि त्यात थेंब थेंब अमोनिया सोडायचा. आईने विचारलं, "मासे नाहीत, मग घालतोस कुणाला?"

"जिवाणूंना."

"दिसतात का?"

"नाही."

"आणि मी विठोबाला नैवेद्य दाखवते तेव्हा हसतोस!"

यावर उत्तर नायट्रोसोमोनासकडेही नाही.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणू मारायलाच घातलेलं असतं, त्यामुळे पाणी दिवसभर बादल्यांत उघडं ठेवून मगच टाकीत ओतायचं. पाणीकपातीच्या दिवसांत घरातल्या सगळ्या बादल्या जिवाणूंसाठी राखीव असण्याचे परिणाम मी इथे लिहीत नाही. खडीत चुनखडी आहे का, हे बघायला तिच्यावर व्हिनेगर टाकतात. बुडबुडे आले तर ती खडी पाण्याचा सामू चढवणार, आणि आपल्याला तर तो सातच्या आसपास हवा. स्वयंपाकघरातलं व्हिनेगर असं संपलं, हे बायकोला वाचूनच कळेल.

मासे आले आणि वीज जाण्याला नवा अर्थ आला. पंप थांबला की पाण्यातला प्राणवायू कमी होऊ लागतो. घरातले इतर लोक वायफाय गेलं म्हणून हळहळत असतात, तेव्हा मी टाकीतलंच पाणी तांब्याने उंचावरून टाकीत ओतत उभा असतो. समोरच्या इमारतीतल्या आजींचा समज आहे की मी काहीतरी कडक व्रत धरलं आहे.

पालक उगवला. थोड्या दिवसांनी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. निदान निघालं लोहाची कमतरता, कारण माशांच्या खाद्यात पालकाच्या गरजेइतकं लोह नसतं. अंगात रक्त नाही म्हणून लहानपणी ज्या पालकाने मला छळलं, त्याला आता मी चिलेटेड लोह पाजतो. मावा पडला तर औषध फवारता येत नाही, खाली मासे आहेत. एकेक पान ओल्या कापसाने पुसायचं. आमच्या मुलांची तोंडं इतक्या मायेने कुणी पुसली नसतील.

पालकाची पातळ भाजी झाली. बायको म्हणाली, "अगदी मंडईतल्यासारखी लागते." आमच्या घरात याहून मोठं प्रशस्तिपत्र कुणाला मिळालेलं नाही.

तेव्हा ज्यांना हे करायचंच आहे त्यांनी टाकी लहान घ्यावी, पाणी तपासायचा संच माशांच्या आधी आणावा, बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी ठेवावा आणि मासे सगळ्यांत शेवटी, तेही मोजकेच सोडावेत. आणि एकूण खर्चाला निघालेल्या जुड्यांनी कधीही भागू नये. हा भागाकार जोडीदाराच्या हाती लागला, तर छंद तिथेच संपतो.